मालक नसलेल्या कामगारांची संघटना: पुण्यातल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीचं प्रकरण

पुण्यात कचराकुंडीतून कागद, काच, पत्रा, प्लास्टिक वेचून पोट भरणाऱ्या बायकांची १९९३ साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही कामगार संघटना झाली. या बायकांना मालक नव्हता, पगार नव्हता, कुठल्या हजेरीपटावर त्यांचं नाव नव्हतं. कुंडी महापालिकेची, आतला माल लोकांनी टाकून दिलेला, आणि तो विकत घेणारा भंगारवाला म्हणणार, मी फक्त गिऱ्हाईक. अशा माणसांची संघटना उभी राहते का, राहिली तर तिने मागायचं काय आणि कोणाकडे, हा या प्रकरणातला मूळ पेच. पंधरा वर्षांनी याच संघटनेने महापालिकेशी करार करून शहरातला कचरा दारोदार जाऊन गोळा करण्याचं काम आपल्या सभासदांकडे आणलं.

वस्त्यांमध्ये संघटना बांधू पाहणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण बारकाईने वाचावं असं मला मनापासून वाटतं. या बायकांनी सरकारपुढे आपली गरिबी मांडली नाही, आपलं काम मांडलं. पुढचे बहुतेक निर्णय या एका भूमिकेतून निघालेले दिसतात. जे सुटलं नाही, त्याचं मूळही काही अंशी तिथेच आहे.

वेचायला जाणाऱ्या बायका

१९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातली आणि आसपासच्या जिल्ह्यांतली पुष्कळ भूमिहीन कुटुंबं पुण्यात आली. त्यांत मातंग आणि बौद्ध कुटुंबं मोठ्या संख्येने होती. गावात शेतमजुरी करणाऱ्या बाईला शहरात काय काम मिळणार? बिगारी काम रोज मिळेलच असं नाही. घरकामाला जावं तर जात विचारली जाई. कचरा वेचायला मात्र भांडवल लागत नाही, ओळख लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही. एक पोतं आणि एक आकडी पुरते. म्हणून या कामात आल्या त्या बहुतांशी दलित बायका. हातगाडी घेऊन दारोदार रद्दी-भंगार विकत घेणाऱ्यांत पुरुष जास्त, कारण तिथे रोज खिशात थोडे पैसे लागतात. दोघांचा माल एकाच दुकानात जातो, पण दोघांच्या प्रतिष्ठेत फरक आहे, आणि तो पैशाइतकाच जातीचा आणि बाईपणाचाही आहे.

दिवस उजाडायच्या आत निघायचं, कारण उशीर झाला तर दुसरी बाई कुंडी उपसून गेलेली असते. ओल्या-सुक्याची सरमिसळ झालेली. भाजीची देठं, उष्टं, फुटकी काच, लहान मुलांची घाण, सुया, आणि त्यातच पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, बाटल्या. आकडीने वरचा थर बाजूला करायचा, वाकून हात घालायचा, हाताला लागेल ते झटकून पोत्यात. पोतं भरलं की पाठीवर घेऊन पुढची कुंडी. दुपारी रस्त्याच्या कडेला बसून निवडानिवड, कारण मिसळलेल्या मालाला भाव पडत नाही. संध्याकाळी भंगारच्या दुकानात काटा. काटा दुकानदाराचा, भावही त्याचाच.

या दुकानदाराबद्दल दोन शब्द लिहायला हवेत. बाहेरून पाहणाऱ्याला तो सरळ शोषक दिसतो, आणि वजनात मारणं, भाव पाडणं हे होतंच. पण पोर आजारी पडलं की रात्री उचल देणारा माणूसही तोच. ती उचल बाईला त्याच दुकानाशी बांधून ठेवते, पण ती मिळाली नाही तर दवाखान्याचं काय? जिथे बँक दारात उभी करत नाही तिथे हे नातं नुसत्या घोषणांनी तुटत नाही. पंचायतीने दुकानदाराला शत्रू ठरवून सुरुवात केली नाही, याला मी तिच्या शहाणपणाची पहिली खूण मानतो.

पैशापेक्षाही जास्त सलणारी गोष्ट होती संशयाची. सोसायटीत चोरी झाली की पहिली धरपकड कचरा वेचणाऱ्या बायकांची. पोत्यात नळाची तोटी किंवा तांब्याची तार सापडली की चौकीत बसवून ठेवायचं. ती वस्तू कुंडीतच मिळाली हे सिद्ध कसं करणार?

तीस ओळखपत्रं आणि एक गाडी

संघटनेची सुरुवात झाली ती साक्षरता वर्गातून. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या निरंतर व प्रौढ शिक्षण विभागातल्या पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण १९९० च्या सुमारास वस्त्यांमध्ये काम करत होत्या. शिकवायचं होतं कचरा वेचणाऱ्या मुलांना. मुलांच्या मागोमाग त्या आयांपर्यंत पोचल्या आणि त्यांच्याबरोबर वेचायलाही जाऊ लागल्या. तिथे बायकांनी जे सांगितलं ते साक्षरतेच्या अभ्यासक्रमात नव्हतं. सुका माल घरातूनच वेगळा मिळाला तर कमी वेळात, कमी घाणीत, जास्त कमाई होईल, इतकं साधं ते म्हणणं होतं.

पुढे 'कचऱ्याचं वर्गीकरण' म्हणून जी गोष्ट शहरभर शिकवली गेली, ती इथे कामगारांची मागणी म्हणून आली होती. पर्यावरणाचा विचार त्यात नंतर मिसळला.

विद्यापीठाने तीसेक बायकांना ओळखपत्रं दिली, आणि कोरेगाव पार्क भागातल्या घरांतून सुका कचरा वेगळा करून या बायकांच्या हाती द्यावा असा प्रयत्न सुरू झाला. लोकांनी प्रतिसाद दिला. बायका दारात जाऊ लागल्या. काही आठवड्यांतच एका उद्योजकाने त्याच भागात गाडी लावून कचरा गोळा करायची तयारी दाखवली. गाडी येणार म्हणजे वर्गीकरण केलेला चांगला माल गाडीत जाणार, आणि ज्यांच्यामुळे लोकांना ही सवय लागली त्या बायका परत कुंडीवर.

बायका गाडीच्या आड उभ्या राहिल्या. आमच्या पोटावर पाय देऊ नका, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. गाडी मागे घ्यावी लागली.

मला वाटतं, संघटनेची खरी गरज त्या दिवशी कळली. ओळखपत्र असलेल्या तीस बायकांनी एका भागात काम नीट बसवलं होतं, आणि कचऱ्यात पैसा आहे हे दिसताच त्यांच्यापेक्षा बळकट माणूस तिथे पोचला. एकदा अडवता आलं, दुसऱ्या वेळी आलं नसतं. चांगला प्रकल्प म्हणजे संरक्षण नव्हे. संरक्षण संख्येत होतं, आणि ती संख्या शहरभर विखुरलेली होती. एका वस्तीतल्या बाईला दुसऱ्या वस्तीतली बाई माहीत असायची ती कुंडीवरच्या भांडणातून.

मे १९९३ मध्ये पुण्यात कचरावेचकांची परिषद भरली. शहराच्या निरनिराळ्या भागांतून आठशेच्या वर लोक आले. बोलावणाऱ्यांत हमालांच्या संघटनेचे, म्हणजे हमाल पंचायतीचे, बाबा आढाव होते, आणि मोहन ननावरे होते, ज्यांची आई स्वतः कचरा वेचत असे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन करायचं तिथे ठरलं.

कामगार संघटनाच का?

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे आणि त्यावर थोडं रेंगाळायला हवं. दुसरे मार्ग समोर होते. एखादी सेवाभावी संस्था काढून मुलांसाठी वर्ग, बायकांसाठी आरोग्य शिबिरं घेता आली असती, देणगीदारही मिळाले असते. बहुतेक सभासद दलित असल्यामुळे जातीच्या नावाने संघटना बांधता आली असती. नुसती सहकारी संस्था काढून माल विकता आला असता. यातल्या कशाचंही मोल कमी नाही. पण प्रत्येकात बाईची ओळख वेगळी ठरते. पहिल्यात ती लाभार्थी, दुसऱ्यात समाजबांधव, तिसऱ्यात विक्रेती. कामगार संघटनेत ती श्रमिक ठरते, आणि श्रमिकाला हक्क मागता येतो.

पुण्यात या विचाराला जमीन तयार होती. हमाल पंचायत १९५० च्या दशकापासून काम करत होती. हमालालाही एक मालक नसतो. तो सकाळी एका आडत्याचा माल उतरवतो, दुपारी दुसऱ्याचा. तरीही हमालांनी संघटना केली, आणि १९६९ चा माथाडी कायदा झाला, ज्यात मालकांच्या गटाकडून पैसे घेऊन मंडळामार्फत मजुरी आणि लाभ देण्याची व्यवस्था बसली. अहमदाबादेत स्वतःचा रोजगार करणाऱ्या बायकांच्या 'सेवा' संघटनेने १९७२ मध्ये नोंदणी मागितली तेव्हा मालक नसेल तर संघटना कोणाविरुद्ध, असा आक्षेप कामगार खात्याने घेतला होता. संघटना कोणाविरुद्ध असावी लागत नाही, ती कामगारांच्या एकीसाठी असते, हे 'सेवा'ने पटवून दिलं आणि नोंदणी मिळवली. त्यामुळे कचरावेचकांची संघटना काढताना पूर्ण अंधारात उडी नव्हती. तरी हमालाचं पोतं बाजारात मोजलं जात होतं. कचऱ्याच्या पोत्याला मोजमाप सोडाच, ते कष्टाचं आहे हेही कोणी मानत नव्हतं.

सभासदत्व प्रत्येक बाईचं स्वतःचं, कुटुंबाचं नव्हे. वर्गणी स्वतः भरायची. वस्तीवस्तीतून प्रतिनिधी निवडायच्या आणि ठरलेल्या दिवशी बैठकीला यायचं. हे वाचायला सोपं वाटतं. ज्या बाईचं नाव शिधापत्रिकेवरही नवऱ्याच्या खाली असतं, तिच्या हाती स्वतःच्या फोटोचं कार्ड येणं ही घरातही घडामोड असते.

त्या कार्डाचा उपयोग कसा होई ते सांगतो. चोरीच्या संशयावरून कोणाला चौकीत नेलं की ती कार्ड दाखवी आणि निरोप पाठवी. तासाभरात आसपासच्या वस्तीतल्या बायका चौकीच्या दारात. फौजदाराला आता एका भेदरलेल्या बाईशी बोलायचं नसे, नोंदणी झालेल्या संघटनेशी बोलायचं असे. असे प्रसंग वस्तीत तिखटमीठ लावून सांगितले जातात, आणि पुढच्या बैठकीला नवी नावं येतात. संघटना वाढते ती अशाच लहान, हातात धरता येणाऱ्या विजयांनी. आधी मोठी मागणी ठरवून मग माणसं गोळा करायला निघालेल्या संघटना मी मोडलेल्या पाहिल्या आहेत. इथे क्रम उलटा होता.

१९९० च्या दशकाच्या मध्यावर पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांनी पंचायतीच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. त्यासाठी पालिकेला कसलाही खर्च आला नाही, आणि म्हणूनच कदाचित ही मागणी मान्य झाली. पण त्या शिक्क्याचा अर्थ मोठा होता. ही माणसं शहरात काम करतात, हे पालिकेने पहिल्यांदा लिहून दिलं होतं. पुढची प्रत्येक मागणी या कागदावर पाय ठेवून वर चढली.

दरम्यान सभासदांची पतसंस्था सुरू झाली. भंगारवाल्याच्या उचलीला पर्याय त्यातून मिळाला. भाषणांनी जे झालं नसतं ते दुकान बदलायच्या मोकळीकीने झालं. पोरांना वेचायला न्यायचं नाही, शाळेत घालायचं, हा आग्रह बैठकांतून सतत धरला गेला, बालविवाहाविरुद्धही भूमिका घेतली गेली. अस्वच्छ व्यवसायातल्या पालकांच्या मुलांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती होती, पण मैला वाहणारे, कातडी कमावणारे यांच्यासाठी. कचरा वेचणाऱ्यांची मुलंही तिच्यात बसावीत म्हणून पंचायतीने पाठपुरावा केला. आज त्या योजनेच्या व्याख्येत कचरावेचक आहेत.

वजनाचा हिशेब

२००१ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या साहाय्याने पुण्यातल्या भंगार व्यवसायाचा अभ्यास झाला. कचरावेचक रोज सुमारे १४४ टन पुनर्वापरायोग्य माल कचऱ्यातून बाहेर काढतात, असं त्यात दिसलं. हा माल कचरा डेपोपर्यंत गेलाच नाही, म्हणजे तो उचलायला, भरायला, वाहून न्यायला लागणारा पालिकेचा खर्च वाचला. दर कचरावेचकामागे हिशेब मांडला तर ती महिन्याला सुमारे २४६ रुपयांचे श्रम पालिकेला फुकट देत होती.

२४६ रुपये हा आकडा लहान आहे, पण त्याने बोलणी करायची भाषा बदलली. तोवर आरोग्य विम्यासारखी मागणी म्हणजे दुर्बल घटकांसाठी कल्याणकारी योजना, निधी असेल तर देऊ, अशा खात्यात पडत असे. आता पंचायत विचारू शकत होती की या बायकांच्या श्रमाने तुमचे एवढे पैसे वाचतात, त्यातला एक भाग त्यांच्या आजारपणासाठी का देत नाही? २००२-०३ पासून पुणे महापालिकेने कचरावेचकांच्या आरोग्य विम्याचा हप्ता भरायला सुरुवात केली. रक्कम किती यापेक्षा ती कुठल्या कारणाने दिली गेली, हे मला जास्त मोलाचं वाटतं. ती श्रमापोटी दिली गेली.

वस्तीत काम करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं असं, की मोर्चा काढण्याआधी कोणीतरी काटा घेऊन बसावं. अन्यायाची भावना लोकांत असतेच, पण कार्यालयातल्या टेबलावर ती अर्जाच्या गठ्ठ्यात दडपली जाते. वजन दडपता येत नाही. हा अभ्यास ताकदीचा ठरला याला आणखी एक कारण आहे. तो झाला तेव्हा हजारो कार्डधारक सभासद पाठीशी होते. संघटना नसती तर तोच अहवाल विद्यापीठाच्या ग्रंथालयात राहिला असता.

कुंड्या हटू लागल्या

सगळ्यात अवघड काळ आला तो एका चांगल्या सुधारणेमुळे. सर्वोच्च न्यायालयातल्या याचिकेच्या मागोमाग केंद्राने २००० मध्ये नागरी घनकचऱ्याचे नियम केले. कचरा दारोदार गोळा करावा, उघड्या कुंड्या हळूहळू बंद कराव्यात, असं त्यात आलं. शहराच्या आरोग्यासाठी ते योग्यच होतं. पण कुंडी गेली की माल गेला. त्यात कचऱ्याचे ठेके खासगी कंपन्यांना देण्याचं वारं देशभर वाहू लागलं होतं. कोरेगाव पार्कातली एक गाडी आता सगळ्या शहरात फिरणार अशी चिन्हं होती.

इथे संघटनेची कसोटी होती. कुंड्या हटवू नका, असं म्हणता आलं असतं. सभासदांना ते लगेच पटलंही असतं. पण रस्त्यावर कचरा राहू द्या असं म्हणणाऱ्या संघटनेच्या बाजूने शहरातलं कोण उभं राहिलं असतं? शिवाय खुद्द बायकांना तरी कुंडीत हात घालायची हौस कुठे होती? तेव्हा पंचायतीने भूमिका घेतली की दारोदार गोळा करायलाच हवं, आणि ते काम आम्ही करू. १९९० च्या सुमारास बायका जे बोलल्या होत्या, तेच आता कायद्याच्या भाषेत परत आलं होतं.

प्रायोगिक काम झालं. २००७ मध्ये कचरावेचकांची सहकारी संस्था 'स्वच्छ' नोंदली गेली आणि २००८ मध्ये पुणे महापालिकेशी पाच वर्षांचा करार झाला. व्यवस्था अशी: दोन-दोन जणींनी मिळून ठरावीक घरांचा भाग घ्यायचा, दारातून ओला आणि सुका वेगळा घ्यायचा, ओला पालिकेच्या गाडीत पोचवायचा, सुक्यातला विकण्याजोगा माल त्यांचा. प्रत्येक घराने महिन्याचं शुल्क थेट त्यांच्या हाती द्यायचं, वस्त्यांमध्ये ते कमी. ढकलगाड्या, बादल्या, हातमोजे आणि व्यवस्थापनाचा खर्च पालिकेचा. संचालक मंडळात कचरावेचक बायका स्वतः. पुढे सभासद तीन हजारांच्या वर गेले.

या निर्णयावर तेव्हाही वाद होता आणि अजूनही आहे. आक्षेप असा: दारोदार कचरा गोळा करणं हे पालिकेचं कर्तव्य आहे, मग या बायकांना पालिकेच्या आस्थापनेवर का घेतलं नाही? पगार, भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन, पगारी रजा यांपैकी काहीही न देता पालिका काम करून घेते, आणि कामगार संघटनाच त्याला संमती देते, हे कसं? हा आक्षेप खोटा नाही. पालिकेच्या कायम सफाई कामगाराची आणि ढकलगाडी घेऊन तोच कचरा उचलणाऱ्या बाईची मिळकत शेजारी शेजारी ठेवली तर कोणालाही वाईट वाटेल.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. भरती निघाली असती तर वयाची अट, शिक्षणाची अट, जन्माचा दाखला, रहिवासाचा पुरावा आला असता. पन्नाशीच्या, निरक्षर, एकट्या बायका पहिल्याच चाळणीत गळल्या असत्या, आणि कायम नोकरीचं काम म्हटल्यावर पुरुषांची रांग लागली असती. शिवाय पगारी नोकरीत मालावरचा हक्क जातो. माल म्हणजे त्यांच्या कमाईचा मोठा हिस्सा आणि त्यांच्या कौशल्याचं फळ. दुधाची पिशवी वेगळी, कडक प्लास्टिक वेगळं, पन्नी वेगळी, कुठल्या बाटलीला भाव आहे आणि कुठलीला नाही, हे ज्ञान भरतीच्या जाहिरातीत कुठे बसतं?

मला विचाराल तर, त्या वेळी त्या बायकांसाठी हाच मार्ग सर्वांत जास्त जणींना सामावून घेणारा होता. पण त्याची किंमत त्यांनी मोजली आणि आजही मोजत आहेत. पालिकेची जबाबदारी नागरिकांच्या खिशावर आणि बायकांच्या अंगावर विभागली गेली. एखाद्या घराने शुल्क दिलं नाही तर ते मागायला पुन्हा पुन्हा दारात उभं राहावं लागतं ते बाईलाच. 'कर भरतो, वर हे पैसे कशाला' हे तिने ऐकायचं. ओळखपत्राने पोलिसाचा संशय कमी झाला, पण लिफ्ट वापरू नका म्हणणाऱ्या सोसायटीपुढे ओळखपत्र फार उपयोगी पडत नाही.

संघटनेच्या आतही ताण आला. पंचायत ही कामगार संघटना, 'स्वच्छ' ही सेवा देणारी संस्था. तक्रार आली की अमुक बाई दोन दिवस आली नाही, तर संस्थेला तिला जाब विचारावा लागतो, आणि संघटनेला तिची बाजू घ्यावी लागते. कालपर्यंत मोर्च्यात शेजारी चालणारी मैत्रीण आज देखरेखीला येते. दोन्ही संस्था कागदावर वेगळ्या ठेवल्या गेल्या ते चांगलं झालं, तरी माणसं तीच आहेत. शिवाय पंचायतीच्या सगळ्या सभासद 'स्वच्छ'मध्ये नाहीत. हातगाडीवाले, अजूनही रस्त्यावर वेचणाऱ्या बायका बाहेर आहेत, आणि शहर जितकं स्वच्छ होत जातं तितका त्यांच्या वाट्याचा माल कमी होतो. ज्या आत आल्या त्यांच्याबद्दल लिहिताना या उरलेल्यांचा विसर पडू नये.

वर्तमानपत्रात गुंडाळलेलं

दारातून कचरा घेतला तरी निवडायचा हातानेच असतो. सुक्या कचऱ्याचं पुडकं सोडावं आणि आत वापरलेलं सॅनिटरी पॅड किंवा बाळाचं डायपर निघावं, हे रोजचं. गुंडाळलेलं पुडकं बाहेरून कळत नाही, म्हणून उघडावं लागतं. त्या रक्ताचा आणि मैल्याचा स्पर्श, त्यानंतर त्याच हातांनी जेवणाचा डबा. ज्या बायकांच्या आज्यांना जातीने घाण उचलायला लावली, त्यांच्या वाट्याला हे नव्या वेष्टनात आलं आहे. स्वच्छतेच्या प्रश्नाइतकाच हा प्रतिष्ठेचा प्रश्न आहे.

२०१३ मध्ये बायकांनी वापरलेली पॅड्स गोळा करून ती बनवणाऱ्या कंपन्यांनाच पाठवून दिली. कंपन्यांनी विल्हेवाटीची जबाबदारी घ्यावी, पॅडबरोबर ते गुंडाळायला पिशवी द्यावी, अशी मागणी होती. घराघरांत कागदावर लाल ठिपका काढून पुडकं ओळखता येईल असं द्या, हेही सांगितलं गेलं. २०१६ च्या घनकचरा नियमांत उत्पादकांनी अशी पिशवी किंवा वेष्टन पुरवावं ही तरतूद आली. त्याच नियमांत कचरावेचकांची व्याख्या आली, आणि त्यांच्या संघटनांना ओळखून व्यवस्थेत सामावून घेणं हे स्थानिक संस्थांचं काम ठरलं. देशभरातल्या अनेक गटांच्या खटपटीचं ते फळ होतं, आणि हे करता येतं याचा चालता दाखला पुण्यात होता. तरी नियम झाला म्हणून पुडकी ओळखू येऊ लागली असं नाही. ती आजही पुष्कळदा वर्तमानपत्रातच येतात.

दर पाच वर्षांनी

पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी आपल्या शिवारातल्या डेपोकडे येणाऱ्या कचऱ्याच्या गाड्या वारंवार अडवल्या. शहराची घाण आम्ही का सोसायची, हा त्यांचा सवाल न्याय्य होता. या लढ्यामुळे कचरा कमी करा, तो जागीच वेगळा करा, हा दबाव पुणे महापालिकेवर कायम राहिला, आणि वर्गीकरण करणाऱ्या बायकांचं मोल पालिकेला नाकारता आलं नाही. दोन अगदी वेगळ्या लोकसमूहांच्या मागण्या एकमेकींना अशा पूरक ठरल्या.

तरी करार संपला की दर वेळी सगळं पुन्हा पणाला लागतं. २०२० मध्ये टाळेबंदीत शहर घरात बसलं असताना या बायका दारोदार फिरत होत्या, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कराराची मुदत संपली. मग मुदतवाढ थोड्या थोड्या काळाची मिळत राहिली, आणि ठेकेदार नेमण्याची चर्चा पुन्हा सुरू झाली. बायकांनी आंदोलनं केली. या वेळी त्यांच्या बाजूने अनेक नागरिक बोलले, आपल्या भागात कचरा न्यायला येणाऱ्या ताईच हव्यात असं पालिकेला कळवलं. रोज दारात येऊन जोडलेली ही ओळख कामी आली. कंपनीच्या गाडीवरचा माणूस महिन्याला बदलतो. ज्या ताईंना घरातली पोरं नावाने हाक मारतात त्यांना काढणं पालिकेला तितकं सोपं जात नाही.

अजून ज्यावर भांडायचं आहे ते बरंच आहे. म्हातारपणी हातात काय पडणार याचं उत्तर नाही. निवडायला छप्पर आणि जागा पुरेशी नाही, त्यामुळे पावसाळ्यात पुठ्ठा भिजतो आणि भाव निम्म्यावर येतो. खाऊच्या चकचकीत वेष्टनांसारखं प्लास्टिक वाढत चाललं आहे. त्याला भंगारात भाव नाही, पण ते वेगळं काढायला बाईचा तितकाच वेळ जातो. त्या वेळेचे पैसे उत्पादकाने द्यायचे, पालिकेने की घरांनी, हे कोणत्याही करारात आपोआप येत नाही. ते लिहून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी पुढच्या बोलण्यांत पुन्हा वजन मांडावं लागणार आहे: दर दिवशी किती किलो, किती तास, किती बायका.